दहावी टोपी

"बिस्मिल्ला," म्हणून त्याने डोळे मिटले आणि मी सुई टोचली.

"झालं," मी म्हटलं.

"झालं पण? मग मी उगाच घाबरलो."

लॉरीचा जॅक सटकून त्याचा अंगठा खाली सापडला होता. जखम धुऊन मी पट्टी बांधली होती आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही दिलं होतं. दंडावर काळ्या दोऱ्यातला ताईत, शर्टाला ग्रीस, चेहरा उन्हाने रापलेला. बाही खाली करत त्याने विचारलं, "बाय, इथं मशीद कुठं आहे? दिवस मावळायच्या आत पोचलं पाहिजे."

मी कापसाचे बोळे गोळा करत होते. मान वर न करताच सांगितलं, "सरळ जा. वडाच्या पुढं, विहिरीला लागून. निळं दार आहे."

तो आभार मानून गेला. मी हाताला साबण लावला आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

खारवलीत मुसलमानांचं एकही घर नव्हतं. निळ्या दाराची ती वास्तू आमची होती, म्हणजे बेने इस्रायलांची, कोकणातल्या ज्यूंची. मुंबईचे शिकलेले लोक तिला सिनेगॉग म्हणायचे. आमच्या पणज्यांनी तो शब्द कधी ऐकला नव्हता. देव एकच, त्याला मूर्ती नाही, मग त्याच्या घराला म्हणायचं काय? आसपासच्या गावांतल्या मुसलमानांकडे अशा घराला एक नाव तयार होतं, ते त्यांनी उचललं. आम्ही मशीद म्हणायचो म्हणून सगळं गाव मशीद म्हणायचं. गाव आम्हालाही शनवार तेली म्हणायचं, कारण आमचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असे. घाणा जाऊन वर्षं लोटली होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं.

त्याच्या मागे धावायला हवं होतं, पण दवाखाना बंद करायचा होता आणि तो शुक्रवार होता. शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विसावा, शुक्रवारी सूर्य मावळताच लागतो; त्याच्या आत आंघोळ करून मला मशिदीत पोचायचं होतं. म्हटलं, आत डोकावेल, आमचे म्हातारे बघेल आणि परत फिरेल. शिवाय त्या दिवशी माझ्या डोक्यात दुसराच घोळ चालू होता.

मुंबईहून आमच्या समाजाच्या कमिटीचे रोहेकर मास्तर आले होते. निवृत्त हेडमास्तर, पांढरा सूट, आवाज अजून शाळेतलाच. यरुशलेमचं प्राचीन देऊळ हा त्यांचा जीव की प्राण. ते पडून दोन हजार वर्षं झाली, पण मास्तर त्याच्या पायऱ्या आणि खांब असे सांगत की जणू तिथून आत्ताच जेवून आलेत. दुपारी आमच्या ओसरीवर बसून त्यांनी बाबांना देवळाची लांबी-रुंदी ऐकवली होती. बाबा शेवटी म्हणाले, "मास्तर, तुमचं देऊळ दोनदा पडलं. आमच्या मशिदीचं छप्पर चारदा उडालं. कौलांचं काही होतंय का ते बघा."

कौलांचं काही होणार नव्हतं. मास्तर दुसऱ्याच कामाला आले होते. आमच्यात दहा पुरुष जमल्याशिवाय पुरी प्रार्थना होत नाही. गावोगावचे लोक इस्रायलला निघून चालले होते आणि कमिटीने ठरवलं होतं, की जिथे दहा जमत नाहीत तिथला सेफेर मुंबईला न्यायचा. सेफेर म्हणजे चामड्यावर हाताने लिहिलेली आमची तोरा, आमचा धर्मग्रंथ. ती गेली की मागे उरतात चार भिंती आणि वटवाघळं. आज दहा भरले तर सेफेर राहणार, नाही भरले तर रविवारी मास्तरांबरोबर जाणार.

"तुम्ही आहात की दहावे," बाबा म्हणाले होते.

"मी तपासायला आलोय, समाजीभाऊ. भर घालायला नाही."

खारवलीत आमचे नऊच पुरुष उरले होते. बाबा तिथले शमाश, म्हणजे झाडलोट, दिवाबत्ती, किल्ल्या आणि प्रार्थनासुद्धा तेच बघायचे. माझा थोरला भाऊ मोझेस इस्रायलमधल्या बीरशेबाहून सारखा लिहायचा, या म्हणून. तिथल्या इस्पितळात नर्सा हव्या होत्या. बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं, "मी मशीद सोडून कुठं जाणार?" मग ते माझ्याकडे बघायचे. "तुला जायचंय का, मिल्का?"

"छे," मी म्हणायचे. "मला खारवली सोडवत नाही."

खारवली मला अगदी सहज सोडवली असती. तिशी उलटून गेली होती, आणि आयुष्यात मी अंगठे बांधणं आणि पोरांना खरजेचं मलम लावणं यापलीकडे काही केलं नव्हतं. पण म्हाताऱ्याला त्याच्या मशिदीतून उपटून नेणारी मुलगी मला व्हायचं नव्हतं. सेफेरच गेला तर मात्र गोष्ट वेगळी. त्यात माझा हात नसता. तर सांगायचं म्हणजे, त्या शुक्रवारी सगळी खारवली दहाव्या माणसाची वाट बघत होती आणि मी तो येऊ नये म्हणून प्रार्थना करत होते. तीसुद्धा मशिदीत बसून.

बायका वर माळ्यावर बसायच्या. बायका म्हणजे मी आणि अबिगाईलमावशी. मावशींना कमी ऐकू येई आणि कमी दिसे, पण बोलणं काही कमी नव्हतं. कठड्याला टेकलं की आम्हाला खालचं सगळं दिसे: मधला चौथरा, पश्चिमेच्या भिंतीतलं सेफेरचं कपाट, तेलाचा नंदादीप आणि दाराशेजारच्या खुंट्या.

त्या खुंट्यांचं सांगायला हवं. माणसं बोटाने मोजू नयेत असं आमच्यात मानतात. त्यावर बाबांनी तोड काढली होती. दाराशी दहा खुंट्या, त्यावर आईने शिवलेल्या दहा मखमली टोप्या. येणाऱ्याने टोपी उचलायची, डोक्यावर ठेवायची आणि आत जाऊन बसायचं. भिंतीवर टोपी राहिली नाही की दहा भरले. देवाला कळायचं कारण नाही की आपण मोजलं.

नऊ टोप्या उचलल्या गेल्या. दहावी खुंटीवर लटकत राहिली. रोहेकर मास्तर तिच्याखालीच बाकावर बसले होते, स्वतःची फेल्ट हॅट घालून, मांडीवर घड्याळ ठेवून.

"समाजीभाऊ, सूर्य तुमच्यासाठी थांबायचा नाही."

"जरा बघू," बाबा म्हणाले. ते दाराकडे बघत उभे होते. मी टोपीकडे बघत होते. मनात मी बीरशेबाच्या इस्पितळात पोचले होते, कडक इस्त्रीचा गणवेश होता, आणि माझं कौतुक करणारे दोन डॉक्टरही होते.

बाहेर विहिरीवर पाणी सांडल्याचा आवाज आला. कुणीतरी हातपाय धूत होतं.

निळं दार उघडलं आणि पट्टी बांधलेला अंगठा वर धरून तो आत आला. आमच्यात तेव्हा चपला बाहेर काढायची पद्धत होती, त्याने बाहेरच काढल्या होत्या. आत येताच म्हणाला, "सलाम आलेकुम."

"शालोम आलेखेम," नऊ म्हाताऱ्यांनी एका सुरात उत्तर दिलं. इतक्या जोरात ते कधीच काही म्हणत नसत.

त्याने डोक्यावर हात फिरवला, भिंतीकडे पाहिलं, खुंटीवर टोपी दिसली. परक्या माणसांसाठी मशिदीत टोप्या ठेवलेल्या असतात हे त्याला माहीतच होतं. त्याने ती उचलून डोक्यावर ठेवली.

भिंत रिकामी झाली. माझं बीरशेबा तिथेच संपलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही. नेमके त्याच वेळी बाबांनी वर माझ्याकडे पाहिलं. मग वळून त्यांनी प्रार्थना सुरू केली.

"कोण आला गं?" मावशींनी विचारलं.

"पाहुणा."

"आपल्यातला?"

एवढा एकच क्षण होता माझ्या हातात. वरून नुसतं ओरडले असते, बाबा, हा लॉरीवाला मुसलमान आहे, तर संपलं असतं. सेफेर मुंबईला, आम्ही बीरशेबाला. पण बाबांची पाठ मला दिसत होती. ती सुरुवातीला वाकलेली होती, आता ताठ झाली होती. निदान मला तशी वाटली.

"आपल्यातलाच," मी म्हटलं.

आणि खरं सांगते, तो कुठे अडकलाच नाही. आमचं तोंड पश्चिमेला, यरुशलेमकडे. त्याचंही पश्चिमेला. आम्ही आमेन म्हणायचो, तो आमीन म्हणायचा, तेही घोगऱ्या, भरदार आवाजात. आमच्या म्हाताऱ्यांचं आमेन तोंडातल्या तोंडात विरायचं, त्याला पहिल्यांदा कुणीतरी भक्कम साथीदार मिळाला. मग उभ्याने, मनातल्या मनात म्हणायची प्रार्थना आली. सगळे गप्प उभे राहिले. त्याला वाटलं असणार, आता आपलं आपण उरकायचं. त्याने मागच्या रांगेत हात बांधले, कमरेत वाकला, सरळ झाला आणि गुडघे टेकून कपाळ फरशीला लावलं.

"पडला का तो?" मावशी म्हणाल्या. "अशक्तपणा असेल. तू नर्स ना? जा की खाली."

"पडला नाही. प्रार्थना करतोय."

"झोपून?"

रोहेकर मास्तर बाकावरून उठले. त्यांचा चेहरा बघून मी कठडा घट्ट धरला. आता फुटणार, म्हटलं. मास्तर दोन पावलं पुढे गेले आणि खाली वाकलेल्या त्या पाठीकडे बघत राहिले. मग त्यांनी हॅट काढली, आपण कुठे आहोत ते आठवून पुन्हा घातली आणि खिशातून रुमाल काढून डोळे टिपले.

प्रार्थना संपल्यावर मनुकांचं सरबत आलं. आमच्याकडे शब्बाथला द्राक्षाच्या दारूऐवजी तेच असे, म्हणून तीही अडचण आली नाही. तो दोन पेले प्यायला. मास्तर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मी एव्हाना जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आले होते.

"आपलं नाव?"

"इब्राहिम."

"अब्राहाम," मास्तरांनी सुधारलं. "वडिलांचं?"

"याकूब."

"आडनाव?"

"चौलकर."

"चौलकर," मास्तर इतरांकडे वळून म्हणाले. "चौलकर आपल्यातलं फार जुनं घराणं. हे जमिनीला कपाळ टेकवणं तुम्हाला कुणी शिकवलं?"

"बापानं. बापाला त्याच्या बापानं."

"ऐकलंत? यरुशलेमच्या देवळात लोक असेच साष्टांग पडत. देऊळ गेलं, आपण सगळे ते विसरलो, आणि चौलच्या एका घराने ते जपून ठेवलं. दोन हजार वर्षं."

इब्राहिमने माझ्याकडे पाहिलं. मी सरबताच्या पेल्यात पाहिलं. बाबा नंदादीपात तेल आहे ना ते बघत होते, ते जरा जास्तच वेळ बघत राहिले.

"सेफेर इथंच राहील," मास्तर म्हणाले. आमचे म्हातारे एकमेकांचे हात हातात घेऊन डोळ्यांना लावू लागले. त्यांनी इब्राहिमचाही हात घेतला, पट्टीसकट. तो कळवळला, पण नाही म्हणाला नाही.

चपला घालताना त्याने मला हळूच विचारलं, "बाय, ही मशीद कुठल्या जमातीची?"

"जुनी आहे," मी म्हटलं.

"तेच म्हटलं. तुमचा इमाम भला माणूस आहे, पण लांबण फार लावतो." मग म्हणाला, "या रस्त्याला माझी दर शुक्रवारची फेरी असते. पुढं मगरिबच्या नमाजाला थांबायला जागाच नाही. येत जाईन."

आणि तो येत गेला. आमच्या म्हाताऱ्यांना पाहुणा कोण ते एकेकाला कळत गेलं. प्रत्येकाने ते बाकीच्यांपासून लपवलं, आणि मशीद मजेत चालू राहिली. बाबा मात्र त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. मीही काढत नसे. मोझेसला आम्ही कळवलं, मशीद वाचली, आता येणं व्हायचं नाही. ते लिहून झाल्यावर मी विहिरीवर जाऊन भरपूर रडले आणि येताना पाणी भरून आणलं.

पुढच्या वर्षी मास्तरांचं पत्र आलं: रविवारी मुंबईहून बस भरून मंडळी घेऊन येतोय, देवळाच्या काळची साष्टांग प्रार्थना त्यांना दाखवायची आहे, सगळ्यांनी तयारीत राहावं. सगळ्यांनी. म्हणजे मास्तरांनी मुंबईत सांगून ठेवलं होतं की हे आमचं गावच असं प्रार्थना करतं.

त्या शुक्रवारी बाबांनी इब्राहिमला विहिरीच्या कट्ट्यावर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. मी शेजारी उभी होते.

तो म्हणाला, "चाचा, म्हणजे एवढे दिवस मी नमाज पढलो, त्याचं काय? पोचली का ती?"

"तोंड पश्चिमेलाच होतं ना?"

"होतं."

"मग पोचली."

इब्राहिमने विचार केला. लॉरीवाला माणूस, त्याचा हिशोब रस्त्याचा. "खरंय," म्हणाला. "रस्ता एकच. माझा माल आधी उतरतो, तुमचा पुढच्या नाक्यावर." मग जो हसायला लागला तो थांबेना. हसून झाल्यावर बाही सारत उठला. "चला, बोलवा तुमच्या म्हाताऱ्यांना. रविवारला वेळ थोडा आहे."

मशिदीच्या फरशीवर त्याने त्या नऊ म्हाताऱ्यांना वाकायला शिकवलं. ते वाकत बरे, पण उठत नसत. इसाजीकाका खालीच राहिले आणि त्यांना उठवायला गेलेले हनोखकाकाही खालीच राहिले. मी आणि इब्राहिमने एकेकाला बगलेत धरून उभं केलं. मी घरून गुडघ्यांचं मलम आणलं आणि सगळ्यांना वाटलं. रविवारी बस आली, मंडळींनी फोटो काढले, कौलांसाठी पेटीत भरघोस पैसे टाकले. मास्तर सगळ्यांच्या पुढे उभे राहून एकेका वाकण्याचा अर्थ समजावत होते. मावशी माळ्यावरून मोठ्याने म्हणाल्या, "आज सगळेच पडले गं."

बस गेल्यावर बाबा ओसरीवर पाय पसरून बसले. मी त्यांच्या गुडघ्याला मलम चोळत होते. ते कण्हत होते आणि मध्येमध्ये मास्तरांच्या कुळाचा उद्धार करत होते. मग एकदम म्हणाले, "त्या दिवशी टोपी लटकतच राहिली असती तर हे दुखणं नसतं लागलं."

"म्हणजे?"

"म्हणजे सुटलो असतो. ट्रंकसुद्धा माळ्यावरून काढून ठेवली होती मी."

मला ती ट्रंक आठवली. मास्तर यायच्या आधी बाबांनी ती खाली काढून उन्हात ठेवली होती, कुलपाला तेल घातलं होतं. मला वाटलं होतं, वाळवी बघतायत.

"तुम्हाला जायचं होतं?"

"नातवंडं तिकडं. दिवे लावून लावून कंटाळलो होतो मी. पण आपणहून मशीद बंद करून जायला तोंड नव्हतं. म्हटलं, कमिटीच नेतेय तर नेऊ दे. नऊच भरले, मला मनातून बरं वाटलं होतं." त्यांनी दुसरा गुडघा पुढे केला. "मग तो आला. सलाम म्हणाला तेव्हाच ओळखलं मी त्याला. मला काय शालोम आणि सलाम कळत नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणारच होतो. वर तुझ्याकडे पाहिलं. त्याने टोपी उचलली आणि तुझ्या डोळ्यांत पाणी. म्हटलं, पोरीला मशिदीची एवढी माया. नेहमी सांगते, खारवली सोडवत नाही. आता मी कुठल्या तोंडाने बोलू?"

 मला हसावं की त्यांचा तो गुडघा पिरगळावा हे कळेना. मी सांगून टाकलं. पाणी कशाचं होतं ते सांगितलं, इस्पितळाचं सांगितलं, त्यांच्या ताठ झालेल्या पाठीचं सांगितलं.

"ताठ?" बाबा म्हणाले. "पाठीत उसण भरली होती माझ्या."

 मग तेच म्हणाले, "मोझेसला लिही. येतो म्हणावं."

मी आत जाऊन कागद घेतला. पेनचं टोपण उघडलं. बाबा ओसरीवरून म्हणाले, "थांब जरा."

"आता काय?"

"इब्राहिमला कोण सांगणार?"

"काय सांगायचंय त्याला?"

"त्याची मशीद बंद झाली म्हणून."

मी पेन हातात धरून उभी राहिले. मला भयंकर राग आला होता, बाबांचा, इब्राहिमचा आणि त्याच्या अंगठ्याचा. पण विहिरीवर पाय धुऊन तो निळ्या दाराशी येईल आणि दाराला कुलूप असेल, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. पुढे त्याला थांबायला जागा नव्हती. पत्ता त्याला मीच दिला होता.

"त्याला दुसरी सोय होईपर्यंत बघू," बाबा म्हणाले.

"बघू," मी म्हटलं आणि टोपण लावलं.

त्याला दुसरी सोय काही झाली नाही. बाबा तिथेच गेले, खारवलीच्या मातीत. त्यांच्यासाठी कद्दिश, म्हणजे मेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागत होते. मोझेस आला आणि त्याने बाबांची टोपी घातली, तरी नऊच. दहावी टोपी इब्राहिमने न सांगता खुंटीवरून उचलली, आणि सगळ्यांत मोठं आमीन त्याचंच होतं. त्याच्याकडे बघून मी रडण्याची ही दुसरी वेळ, आणि या वेळी कुणाचा गैरसमज झाला नाही.

आता मुंबईची मंडळी गाड्या घेऊन येतात, निळ्या दाराचे फोटो काढतात आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावलेल्या या म्हातारीला विचारतात, सगळे गेले, तुम्हीच कशा इस्रायलला गेला नाहीत? मी त्यांना खरं तेच सांगते. म्हणते, निघालोच होतो, पण नमाजासाठी थांबलो.